परक्या देहाचे दान

पोट हा विषय प्रवचनपीठावरून सहसा निघत नाही. हृदयाविषयी आम्ही धर्मगुरू भरभरून बोलतो. येशूच्या पवित्र हृदयाचा तर स्वतंत्र सणच आहे. जठराच्या वाट्याला असा मान कधी आला नाही. संत पौलाला मात्र या विषयाचे वावडे नव्हते. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रात, श्रद्धेच्या आणि मंडळीच्या कारभाराच्या गंभीर गोष्टी सांगता सांगता, पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घेत जा, असा घरगुती सल्लाही तो देऊन जातो. आज आम्हांलाही पोटाविषयीच लिहायचे आहे. सल्ला मात्र द्यायचा नाही. एकदा दिलेल्या एका सल्ल्याचा हिशेब द्यायचा आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक बागायतदार गृहस्थ, वय साठीच्या पुढचे, एका संध्याकाळी धर्मगुरुनिवासात आले. त्यांना जठराचा कर्करोग झाल्याचे निदान होऊन दीड महिना लोटला होता. हातात प्लास्टिकच्या पिशवीत पंधरा-वीस पानांचा एक कागदांचा गठ्ठा होता. मुंबईच्या ज्या रुग्णालयात त्यांचे उपचार चालले होते तेथे एका नव्या औषधाची चाचणी सुरू होती आणि तीत सहभागी होण्यास संमती आहे काय, असे त्यांना विचारण्यात आले होते. कागद मराठीत होते, पण ती मराठी वाचून समजावी अशी नव्हती. नेहमीची केमोथेरपी सर्वांनाच मिळणार होती. तिच्या जोडीला नवे औषध कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे संगणक जणू चिठ्ठी टाकून ठरवणार होता.

"सही करू का, फादर?" एवढेच त्यांनी विचारले.

आम्हांला सायंकाळच्या मिस्साची घाई होती. आम्ही म्हणालो, "करा. देवाचं नाव घेऊन करा. तुमच्या दुखण्यातून उद्या आणखी कुणाचं भलं होईल. आपण सगळे एकाच देहाचे अवयव नाही का?" त्यांनी मान डोलावली, कागद पुन्हा पिशवीत ठेवले आणि ते गेले. आपण एका दुःखी जिवाला अर्थपूर्ण शब्द दिला, या समाधानात आम्ही वेदीकडे वळलो.

दोन महिन्यांनी त्यांच्या घरी कम्युनियन घेऊन गेलो असताना त्यांच्या पत्नीने ओट्यावर येऊन हळू आवाजात सांगितले, "तुम्ही सांगितलंत म्हणून ह्यांनी सही केली, फादर. नाहीतर ह्यांना घरी राहायचं होतं. दर तीन आठवड्यांनी ती मुंबईची खेप ह्यांना झेपत नाही." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते.

आमचा एक भाचा पोटविकारांचा डॉक्टर आहे. त्या आठवड्यात आम्ही त्याला फोन करून हे सारे सांगितले. चाचणी वाईट आहे का, असे विचारले. तो म्हणाला, चाचणी चांगलीच असेल. मामा, तुम्ही अलेक्सी सेंट मार्टिनची गोष्ट वाचा. ती आम्ही वाचली आणि तेव्हापासून ती आमच्या डोक्यातून गेलेली नाही.

६ जून १८२२ रोजी, अमेरिकेतील हुरॉन सरोवराच्या मॅकिनॉ बेटावर, केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीच्या दुकानात एकाची बंदूक चुकून उडाली. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या डाव्या कुशीत छर्रे शिरले. हा कॅनडातील फ्रेंच भाषक कॅथॉलिक. कंपनीची होडी वल्हवायची, ओझी वाहायची, हा त्याचा धंदा. त्याला लिहितावाचता येत नव्हते. बेटावरील लष्करी छावणीचे सर्जन विल्यम बोमाँट धावत आले. हा वाचणार नाही, असे त्यांना वाटले होते, पण तो वाचला. सुरुवातीचे सतरा दिवस खाल्लेले सारे जखमेतून बाहेर पडत होते. पुढे जखम भरली, पण जठराला पडलेले छिद्र काही बुजले नाही. त्याची कडा पोटाच्या कातडीला चिकटून बसली आणि बाहेरून थेट जठरात डोकावता येईल अशी एक खिडकीच कायमची तयार झाली.

गावाने त्याचा खर्च सोसायला नकार दिला तेव्हा बोमाँट यांनी त्याला आपल्या घरी आणले, खाऊ घातले, जखमेची निगा राखली. हे विसरता कामा नये. या गोष्टीत खलनायक शोधू गेल्यास तो सापडत नाही, आणि तीच या गोष्टीची खरी अडचण आहे.

१ ऑगस्ट १८२५ रोजी भर दुपारी बोमाँट यांनी मांसाचे निरनिराळे तुकडे, शिळ्या पावाचा एक तुकडा आणि थोडी कच्ची कोबी रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडली. तासातासाने दोरा ओढून काय विरघळले, काय राहिले हे पाहिले. अलेक्सीच्या पोटात दुखू लागले. अशा प्रयोगांची संख्या पुढील आठ वर्षांत दोनशेच्या वर गेली. १८३३ साली बोमाँट यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पचन म्हणजे जठरातील दळण नव्हे, कुजणेही नव्हे, तर ती एक रासायनिक क्रिया आहे. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. तो रस बाटलीत काढून उबेला ठेवला तर बाटलीतही मांस विरघळते, हे त्यांनी दाखवून दिले. रिकाम्या जठराच्या अस्तराला आम्लाची चव लागते की नाही हे त्यांनी आपली जीभ लावून पाहिले होते. (आमच्या भाच्याला हा तपशील फार आवडतो, आम्हांला तो जेवणाआधी आठवू नये असे वाटते.) माणूस रागावला की त्याच्या जठराचे रूप आणि स्राव पालटतात, हेही त्यांनी नोंदले. तो राग कशाचा होता, हे ओळखायला फार बुद्धी लागत नाही.

प्रयोग नसत त्या वेळी अलेक्सी डॉक्टरांच्या घरी लाकडे फोडी, ओझी वाही. १८२५ मध्ये तो न सांगता कॅनडाला निघून गेला, तेथे त्याने लग्न केले. काही वर्षांनी पोटासाठी, म्हणजे या खेपेस बायकामुलांच्या पोटासाठी, परत आला. १८३२ साली दोघांत करार झाला. एक वर्षभर डॉक्टर नेतील तेथे जायचे, करतील ते प्रयोग सोसायचे, बदल्यात जेवण, राहणे आणि १५० डॉलर. करारावर एका बाजूस डॉक्टरांची सही आहे आणि दुसऱ्या बाजूस अलेक्सीने काढलेली फुली. १८३४ मध्ये तो घरी गेला तो पुन्हा आला नाही. बोमाँट यांनी वर्षानुवर्षे निरोप धाडले, पण पैशांचे जमले नाही. १८५३ मध्ये डॉक्टर वारले. पोटाला भोक असलेला हा मनुष्य त्यांच्यामागे आणखी सत्तावीस वर्षे जगला.

२४ जून १८८० रोजी क्वेबेक प्रांतातील आपल्या गावी तो मरण पावला. त्या जठराकडे आता साऱ्या वैद्यकविश्वाचे डोळे लागले होते. कॅनडाचे नामांकित वैद्य विल्यम ऑस्लर यांनी ते संग्रहालयासाठी मिळवण्याची खटपट केली. घरच्यांनी काय करावे? त्यांनी ऐन उन्हाळ्यात प्रेत चार दिवस मुद्दाम घरात ठेवले, ते कुजू दिले. दफनाच्या दिवशी दुर्गंधीमुळे शवपेटी चर्चमध्ये आणता आली नाही. आत अंत्यविधीचा मिस्सा चालू असताना ती बाहेर ठेवावी लागली. मग आठ फूट खोल खड्डा खणून तिला मूठमाती दिली, कुणी उकरून नेऊ नये म्हणून.

आम्ही शेकडो दफनविधी केले आहेत. त्या गावच्या धर्मगुरूच्या जागी स्वतःला उभे करून आम्ही पुष्कळदा पाहतो. आपल्या माणसाचा देह पवित्र पाण्याने शिंपडून, धूप देऊन वेदीसमोर ठेवायची ज्यांची श्रद्धा, त्यांनी तो देह नासवून बाहेर ठेवला, कारण तो त्यांना त्याचा त्यालाच परत मिळवून द्यायचा होता. १९६२ साली कॅनडातील शरीरशास्त्रज्ञांनी तेथे एक फलक बसवला. आपल्या व्याधीतून त्याने अखिल मानवजातीची सेवा केली, अशा आशयाचा मजकूर त्यावर आहे. वाचून आम्ही चमकलो. त्या संध्याकाळी बागायतदार गृहस्थांना आम्ही जे म्हणालो होतो ते शब्दांचा फेरफार सोडला तर हेच होते. अलेक्सीने सेवा केली, की त्याच्याकडून ती करवून घेतली गेली?

कुणी म्हणेल, पण लाभ झाला ना? झालाच. जठराविषयीच्या आजच्या ज्ञानात त्या खिडकीचा वाटा मोठा आहे. तिच्याशिवाय पुढचा मार्ग किती लांबला असता कोण जाणे. त्या मार्गावरील एक प्रसंग आमचे एक आवडते प्रवचनच होऊन बसला होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला १९७९ साली जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसले. आम्लात जंतू जगत नाहीत, असे तेव्हा सारे मानत. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. प्रयोगशाळेत ते जंतू काही केल्या वाढेनात, कारण दोन दिवसांत काही दिसले नाही की काचपात्रे फेकून देत. १९८२ च्या पास्कासणाच्या लांब सुट्टीत ती पात्रे फेकायची राहून गेली आणि सुट्टीनंतर पाहतात तो त्यांत जंतूंच्या वसाहती उगवलेल्या! पुनरुत्थानाच्या सणाला उगवलेले जंतू. धर्मगुरूला याहून काय हवे?

पुढे प्रश्न आला की हे जंतू रोगाचे कारण आहेत हे सिद्ध कसे करायचे. काळजी आणि तिखट खाणे यांनीच अल्सर होतो, अशी वैद्यकाची पक्की समजूत होती आणि रुग्ण वर्षानुवर्षे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत होते. १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच त्या जंतूंचे पाणी पिऊन टाकले. आठवड्याच्या आत उलट्या, तोंडाला घाण वास. दहाव्या दिवशी दुर्बिणीने तपासले तर जठराला सूज आणि तेथे तेच जंतू. मग प्रतिजैविके घेऊन ते बरे झाले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा प्रसंग आम्ही आत्मसमर्पणाचा नमुना म्हणून सांगत असू. आता थोडे अडखळतो. त्यांनी रुग्णालयाच्या नीतिसमितीला विचारले नव्हते. पत्नीला आधी सांगितले नव्हते, आणि घरात लहान मुले होती. आपला देहसुद्धा आपल्या पूर्ण मालकीचा नाही, आपण त्याचे विश्वस्त आहोत, असेच सेमिनरीत आम्ही शिकलो. तरीही अलेक्सी आणि मार्शल यांच्यामधील अंतर मोठे आहे. मार्शल यांना आपण काय पीत आहोत हे ठाऊक होते, आणि हवे तेव्हा थांबण्याची वाट त्यांच्या हातात होती. अलेक्सीच्या हातात पळून जाण्याची वाट तेवढी होती.

या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जगातील निम्म्या माणसांच्या जठरात तो राहत आला आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. तो आपल्याभोवती अमोनिया निर्माण करून आम्लाची धार बोथट करतो आणि त्या कवचात सुखाने जगतो. त्याच्या काही जाती सुईने टोचावे तसे आपले एक प्रथिन जठराच्या पेशीत सोडतात. त्यामुळे पेशीने कधी वाढावे, कधी थांबावे, हे ठरवणारे निरोप बिघडतात. वर्षानुवर्षांच्या सुजेने अस्तर झिजते, त्याच्या जागी आतड्यासारख्या पेशी येतात, त्या बिघडत जातात, आणि थोड्या लोकांत, अनेक दशकांनंतर, कर्करोग होतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने या जंतूची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या संशोधकांनी दाखवले होते की जठराच्या एका जातीच्या लिंफोमाची गाठ केवळ हा जंतू मारल्याने विरघळू शकते. कर्करोग, आणि उपचार प्रतिजैविकांचा! ज्ञान किती दूरवर पोचते याचे आम्हांला याहून सुंदर उदाहरण ठाऊक नाही.

पण सारीच पावले एवढी लांब पडत नाहीत. जठराच्या वाढलेल्या कर्करोगावर ट्रॅस्टुझुमॅब या औषधाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. ज्यांच्या गाठीत एक विशिष्ट प्रथिन प्रमाणाबाहेर असते असे ५९४ रुग्ण, २४ देशांतले. केवळ केमोथेरपी घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान ११.१ महिने भरले, जोडीला नवे औषध मिळालेल्यांचे १३.८ महिने. म्हणजे तीन महिन्यांनाही थोडे कमीच. हे तुच्छ नाही. त्या अवधीत एखाद्या मुलीचे लग्न पाहता येते, नातवाचा बाप्तिस्मा होतो. पण या आकड्यासाठी सुमारे सहाशे जणांनी आपला उरलेला काळ तपासण्यांच्या रांगेत घालवला, आणि त्यांतल्या निम्म्यांना ते औषध मिळालेच नाही. चिठ्ठी टाकण्यात अन्याय आहे काय, असे आम्ही भाच्याला विचारले. तो म्हणाला, कोणते बरे हे आधीच ठाऊक असते तर चिठ्ठी टाकणे हा अन्याय ठरला असता. खरोखर ठाऊक नसते तेव्हा तीच प्रामाणिक रीत. प्रेषितांनीही मथियाची निवड चिठ्ठ्या टाकून केली होती, हे आम्हांला आठवले आणि पटले.

तेव्हा प्रश्न संशोधन करावे की नाही हा नाही. प्रश्न आम्ही वापरलेल्या त्या एका वाक्याचा आहे: आपण सारे एका देहाचे अवयव. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक मर्यादांविषयी जे भाषण केले त्यात या वाक्याच्या गैरवापरावर नेमके बोट ठेवले आहे. देह वाचवायला सडलेला हात कापता येतो, कारण हात हा देहासाठीच असतो, त्याला स्वतःचे वेगळे असे जीवित नाही. मनुष्य हा समाजाचा या अर्थाने अवयव नाही. समाजाच्या हितासाठी त्याला खर्ची घालण्याचा अधिकार समाजाला नाही आणि वैद्यालाही नाही. रुग्ण जेवढा अधिकार देईल तेवढाच वैद्याचा. युद्धकाळात छळछावण्यांत डॉक्टरांच्याच हातून काय घडले याची ओळख जगाला नुकतीच पटली होती, त्या काळातले हे शब्द आहेत. तशीच शिकवण पुढे १९९२ च्या कॅटेकिझममध्येही आली. माणसाच्या जाणत्या संमतीवाचून केलेला प्रयोग त्याच्या प्रतिष्ठेला धरून नाही.

मग संत पौलाचे काय? करिंथकरांना त्याने देह आणि अवयवांचाच दाखला दिला होता. तो पुन्हा वाचताना ध्यानात आले की त्या दाखल्यात कोणताही अवयव इतरांसाठी खर्ची पडत नाही. उलट जो दुबळा दिसतो त्याची गरज अधिक, आणि जो कमी मानाचा त्याला अधिक मान. आम्ही दाखला उचलला पौलाचा आणि वापरला बोमाँटचा.

ख्रिस्ताने क्रुसावर जे दिले ते स्वतःचे दिले, आणि देण्याआधी गेथशेमनी बागेत ते टळावे अशी विनवणीही केली. दुसऱ्याचा देह वेदीवर ठेवून त्याला समर्पण म्हणणे, हा अधिकार धर्मगुरुदीक्षेच्या वेळी आम्हांला कोणी दिला नव्हता. डॉक्टरांना आवर घालायला आज नियम आहेत. आपल्या देशात २०१९ चे नियम आहेत, नीतिसमित्या आहेत, चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देण्याचे बंधन आहे. त्या पंधरा-वीस पानांतही स्पष्ट लिहिले होते की सहभागी केव्हाही, कारण न सांगता, बाहेर पडू शकतो आणि त्याच्या नेहमीच्या उपचारांत त्याने फरक पडणार नाही. रुग्णालयाने नाही म्हणण्याची वाट मोकळी ठेवली होती. ती बुजवली आम्ही. ज्या घरात फादरच्या शब्दाबाहेर सोयरीकही जुळत नाही, तेथे "करा" या दोन अक्षरांचे वजन किती, हे इतक्या वर्षांच्या सेवेनंतर तरी आम्हांला कळायला हवे होते.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते पडवीत आरामखुर्चीवर बसले होते, समोर केळीची बाग. अंगात स्वेटर, पायांवर चादर. आम्ही सरळच सांगितले, "त्या दिवशी मी घाईत बोललो. तुमच्या वतीनं मीच हो म्हटलं. ते माझं काम नव्हतं. मला क्षमा करा."

ते बराच वेळ बागेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आता नाही म्हटलं तर ते पाप नाही ना, फादर?"

दोन महिने हा मनुष्य हा प्रश्न उरात घेऊन लोकलच्या डब्यात बसत होता. आम्ही म्हणालो, "नाही. मुळीच नाही."

"असं?" ते म्हणाले. त्यांनी पत्नीला हाक मारून चहा ठेवायला सांगितले. चहा येईपर्यंत बागेतल्या पाण्याच्या पंपाविषयी बोलणे झाले. आम्ही निघताना ते म्हणाले, "येत्या मंगळवारची तारीख दिलीय, ती एक खेप करून येतो. तो तरुण डॉक्टर वाट बघत असेल. पुढचं पुढं बघू."

ती खेप त्यांनी केली. त्यानंतरची त्यांनी स्वतः फोन करून बंद केली.